दिंडोशीच्या चढावर पहिली सायकल

मालाड-गोरेगावच्या पूर्वेकडील कोणत्याही मोठ्या गृहसंकुलात जा, जिन्याखाली किंवा वाहनतळाच्या कोपऱ्यात एक दृश्य हमखास दिसते. धूळ खात पडलेली, दोन्ही टायर बसलेली, चेनवर तांबूस गंज चढलेली सायकल. दांड्यावर '२१ गिअर' अशी ठसठशीत अक्षरे, पुढे जाडजूड शॉकअप, सीटवर अजून न काढलेले प्लॅस्टिकचे आवरण. मोठ्या उत्साहाने घेतलेली ही सायकल महिनाभर चालली आणि मग कायमची थांबली. मालक आळशी निघाला, असा निष्कर्ष शेजारी काढतात आणि काही दिवसांनी तो स्वतःही तसेच मानू लागतो. वस्तुतः पुष्कळदा दोष निश्चयाचा नसून निवडीचा असतो. सायकल पसंत केलेली असते दुकानाच्या सपाट फरशीवर आणि चालवायची असते दिंडोशीच्या चढावर.

प्रौढ वयात पहिली सायकल घेणारे तीन प्रकारचे असतात. काहींना लहानपणी सायकल शिकण्याची संधीच मिळालेली नसते. यात स्त्रियांची संख्या लक्षणीय असते. काही जण शाळेत नळीतून पाय घालून सायकल चालवलेले, पण त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे तिला हात न लावलेले असतात. तिसऱ्यांना डॉक्टरांनी व्यायामाचा सल्ला दिलेला असतो. या तिघांच्याही बाबतीत चुकीच्या सायकलीची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. लहान मूल पडले तर उठून पुन्हा बसते. चाळिशीतला माणूस पडला तर आधी कोणी पाहिले तर नाही ना, हे पाहतो आणि बहुधा पुन्हा बसत नाही. म्हणून पहिल्या सायकलीची निवड थोडी विचारपूर्वक करणे आवश्यक ठरते.

आधी रस्ता ओळखावा

दुकानात शिरल्याबरोबर 'कोणती कंपनी चांगली?' हा प्रश्न विचारला जातो. त्याआधी विचारावयाचा प्रश्न असा, की आपला रस्ता कसा आहे? दिंडोशीच्या पश्चिमेला द्रुतगती महामार्ग आहे आणि पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या. त्यामुळे महामार्ग सोडून आत वळले, की जमीन चढू लागते. जनरल अरुणकुमार वैद्य मार्गाने १९७७ मध्ये उभारलेल्या चित्रनगरीकडे जाणारा रस्ता असो, मृणाल गोरे यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या नागरी निवारा वसाहतीचा परिसर असो, की दक्षिणेला आरे दुग्ध वसाहतीतून पवई-मरोळकडे जाणारा वळणावळणांचा मार्ग असो. सपाट रस्ता थोडा आणि चढ-उतार फार, अशी येथील स्थिती आहे.

शिवाय रस्त्याचा पृष्ठभागही एकसारखा नाही. एका फेरीत डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, गतिरोधक, मॅनहोलची झाकणे आणि आडरस्त्यावरचा मुरूम हे सारे भेटते. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधील लांबच लांब फट आणि पावसाळी गटारावरील जाळीच्या उभ्या चिरा यांत बारीक टायर अडकू शकतो. पावसाळ्यात तर खड्डा आणि पाण्याचे डबके यांतील फरक पुढचे चाक आत गेल्यावरच कळतो. सायकलच्या भाषेत ज्याला 'मिश्र रस्ता' म्हणतात, तो शोधायला सह्याद्रीत जाण्याची गरज नाही. तो आपल्या इमारतीच्या फाटकापासूनच सुरू होतो.

यासाठी एक साधा उपाय सुचवावासा वाटतो. ज्या मार्गाने सायकल चालवण्याचा विचार आहे, तो एकदा पायी चालून पाहावा आणि त्यातील सर्वांत अवघड असा एक किलोमीटर मनाशी नक्की करावा. सायकल त्या एका किलोमीटरसाठी निवडावी. उरलेला रस्ता कोणत्याही सायकलीवर निभावतो. माणूस सायकल सोडून देतो तो त्या एका किलोमीटरमुळे.

गिअर किती, की हलका किती?

सायकलीच्या जाहिरातीत गिअरची संख्या मोठ्या अक्षरांत असते. २१ हा आकडा पुढच्या तीन आणि मागच्या सात दातेरी चकत्यांच्या गुणाकारातून येतो. त्यातील अनेक जोड्यांचा परिणाम जवळपास सारखाच असतो. चढावर उपयोगी पडतो तो फक्त सर्वांत हलका गिअर. तो किती हलका आहे, हे शोधून काढणे अवघड नाही. पुढच्या सर्वांत लहान चकतीचे दाते मोजावेत आणि त्यांना मागच्या सर्वांत मोठ्या चकतीच्या दात्यांनी भागावे. उत्तर जितके लहान, तितका चढ सोपा.

उदाहरणे घेऊन पाहू. चाकाचा घेर साधारण २.२ मीटर धरला, तर पुढे ४४ आणि मागे १८ दाते असलेली बिनगिअरची सायकल पेडलच्या एका फेऱ्यात सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. पुढे ४२ दात्यांची एकच चकती आणि मागे सात गिअर, त्यांतील सर्वांत मोठा २८ दात्यांचा, अशी सायकल हलक्या गिअरमध्ये ३.३ मीटर जाते. पुढे २४ व मागे २८ दाते असतील, तर हे अंतर १.९ मीटर होते. पुढे ३२ दात्यांची एकच चकती आणि मागे ४२ दात्यांपर्यंतचे नऊ गिअर असतील, तर ते १.७ मीटरवर येते. म्हणजे चढावर नऊ गिअरची सायकल २१ गिअरच्या सायकलीपेक्षा हलकी असू शकते आणि सात गिअरची सायकल अपेक्षेपेक्षा फारच जड निघू शकते.

आता हेच गणित गुडघ्याच्या बाजूने पाहू. ताशी ८ किलोमीटर या सावकाश वेगाने चढ चढताना मिनिटाला सुमारे १३३ मीटर अंतर कापले जाते. बिनगिअरच्या सायकलीवर त्यासाठी मिनिटाला अवघे २५ फेरे होतात, तर १.९ मीटरच्या गिअरमध्ये ७०. चढण्याचे एकूण काम तेवढेच. पण पहिल्या सायकलीवर प्रत्येक फेऱ्याला जवळजवळ तिप्पट जोर लावावा लागतो. हा जोर गुडघ्यातून जातो. दुसऱ्या सायकलीवर तेच काम लहान लहान हप्त्यांत होते. धाप दोन्हीकडे लागते, परंतु गुडघा एकाच ठिकाणी दुखतो.

यावर कोणी म्हणेल, की पूर्वीचे लोक काय गिअर घेऊन हिंडत होते? आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे मुंबईचे तीन पारशी तरुण ऑक्टोबर १९२३ मध्ये सायकलवरून जगप्रवासाला निघाले आणि मार्च १९२८ मध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटरचा प्रवास करून मुंबईला परतले. आजच्या सोयींपैकी त्यांच्या हाताशी फारसे काही नव्हते, हे खरेच. मात्र ते वजन उचलण्याचा सराव करणारे, विशीतले व्यायामपटू होते, हेही ध्यानात ठेवावे. कचेरीत आठ तास बसणाऱ्या माणसाने त्यांचा उत्साह घ्यावा. त्यांचा गिअर घेऊ नये.

टायर मधला, शॉकअप बेताचा

ढोबळमानाने बाजारात चार प्रकारच्या सायकली दिसतात. पहिली आपली जुनी काळी सायकल. ती मजबूत असते, कोठेही दुरुस्त होते. पण वीस किलोच्या आसपास वजन आणि एकच जड गिअर यांमुळे ती सपाट गावाची सोबतीण आहे. दुसरी शर्यतीच्या धाटणीची, वाकड्या हँडलची आणि बारीक टायरची. ती चपळ असते, पण नवशिक्याला तिच्यावर बरेच ओणवे व्हावे लागते आणि आपल्या फटींचा व जाळ्यांचा धोका तिलाच सर्वाधिक. तिसरी डोंगरी सायकल, म्हणजे एमटीबी. जाड दातेरी टायर आणि पुढे शॉकअप. चौथी या दोहोंच्या मधली, सरळ हँडलची हायब्रिड.

दिंडोशीच्या नवशिक्याने शोधावी ती हायब्रिड किंवा कमी दातेरी टायरची साधी एमटीबी. टायरची रुंदी ३८ ते ४५ मिलिमीटर असावी आणि मधला पट्टा शक्यतो गुळगुळीत असावा. असा टायर खड्डा सोसतो, फटीत सहसा शिरत नाही आणि डांबरावर घुरघुरत ताकदही खात नाही. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची मर्यादा छापलेली असते. तिच्या वरच्या टोकापर्यंत हवा भरली, तर प्रत्येक खडा मनगटाला जाणवतो. फार कमी ठेवली, तर खड्ड्यात ट्यूब रिमच्या कडेत चिमटून पंक्चर होते. मधला मार्ग काढावा.

शॉकअपचे आकर्षण मात्र आवरावे. स्वस्त सायकलीवरील शॉकअप एक-दीड किलो वजन वाढवतो आणि चढावर पेडल मारताना खालीवर होऊन आपलीच शक्ती गिळतो. मधल्या दांड्यावर आणखी एक स्प्रिंग असलेली स्वस्त सायकल तर निश्चयाने टाळावी. खड्ड्यांसाठी पहिला शॉकअप म्हणजे योग्य रुंदीचा टायर आणि दुसरा म्हणजे खड्डा येताच सीटवरून किंचित उचललेले अंग. हे दोन्ही गंजत नाहीत.

हवेचा विषय निघालाच आहे, तर व्हॉल्व्हकडेही पाहून घ्यावे. काही हायब्रिड सायकलींना बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेला व्हॉल्व्ह असतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. थोडक्या किमतीत मिळणारे जोडनळीसारखे पितळी टोपण सोबत ठेवले, तर रविवारची सकाळ वाया जात नाही.

ब्रेक आणि पावसाळा

चढलेला माणूस उतरणार असतो, याचा विसर दुकानात हमखास पडतो. रबरी गुटके रिमवर दाबणारा ब्रेक कोरड्या दिवसात उत्तम चालतो. रिम ओली झाली, की पहिले एक-दोन फेरे पाणी पुसण्यातच जातात आणि सायकल अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबते. चाकाच्या मध्याजवळील चकतीवर चालणारा डिस्क ब्रेक या बाबतीत अधिक भरवशाचा असतो. त्यातही तारेचा डिस्क ब्रेक नवशिक्यासाठी सोयीचा, कारण तार बदलणारा कारागीर जवळपास मिळतो. तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक अधिक नेमका असतो, पण त्याच्या दुरुस्तीला जाणकार हात लागतो. जून ते सप्टेंबर हे चार महिने सायकल बंदच ठेवणार असाल, तर चांगल्या प्रतीचा रिमब्रेकही पुरेसा आहे. त्यासाठी अधिक पैसे मोजू नयेत.

कोणता हात कोणत्या चाकाचा ब्रेक ओढतो, हे पैसे देण्यापूर्वी तपासावे. उतारावर एकट्या पुढच्या ब्रेकला गच्च आवळणे हे नवशिक्यांच्या अपघाताचे जुने कारण आहे. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू आणि वळणाच्या आधी दाबण्याची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्यावी. दमट हवेत चेन फार लवकर गंजते. भिजलेली सायकल फडक्याने पुसून चेनला सायकलचेच वंगण दिले, तर पाच मिनिटांच्या कामाने दोन-तीन वर्षांचे आयुष्य वाढते. मडगार्ड आणि कॅरिअर बसवण्यासाठी चौकटीला छिद्रे आहेत की नाहीत, हेही पाहावे. ती नसतील, तर पावसाळ्यात पाठीवर चिखलाची नक्षी ठरलेली.

मापाची सायकल

कपडा घेताना आपण माप पाहतो. सायकल घेताना रंग पाहतो. वास्तविक चौकटीचे माप हीच निवडीतील पहिली अट असावी. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून सायकल मध्ये धरून उभे राहावे. वरचा दांडा आणि शरीर यांत किमान दोन-तीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. सीटवर बसून हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहावे. खांदे ताणले गेले तर चौकट लांब आहे, असे समजावे. सीटची उंची ठरवण्याचा जुना नियम आजही खरा आहे. पेडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली तर गुडघा सरळ व्हावा. मग चवडा ठेवून चालवताना तो आपोआप थोडा वाकलेला राहतो. सीट फार खाली ठेवून चालवणे हे नवशिक्यांच्या गुडघेदुखीचे एक नेहमीचे कारण आहे.

ज्यांना तोल सांभाळणेच शिकायचे आहे, त्यांच्यासाठी मात्र हा नियम काही दिवस बाजूला ठेवावा. दोन्ही तळवे पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घ्यावी, पाना लावून दोन्ही पेडल काढून ठेवावेत आणि मोकळ्या मैदानात पायांनी जमीन ढकलत सायकल नुसती घरंगळू द्यावी. डावे पेडल उलट्या आट्याचे असते, एवढे पाना लावताना लक्षात ठेवावे. पाय उचलून आठ-दहा मीटर जाता येऊ लागले, की तोल आला. मागून सीट धरून धावणाऱ्या माणसापेक्षा ही पद्धत अधिक निर्धास्त आहे. यासाठी सीट पुरेशी खाली जाणारी आणि वरचा दांडा खाली उतरलेला अशी चौकट घ्यावी. तिला 'लेडीज सायकल' म्हणून नाक मुरडणारे पुरुष असतात. चढावर थांबताना पाय चटकन टेकवण्याची तिची सोय दोघांनाही सारखीच उपयोगी आहे.

पैसे कोठे खर्च करावेत

गिअर, बऱ्यापैकी ब्रेक आणि हलकी चौकट असलेली नवी सायकल साधारणपणे पंधरा ते पंचवीस हजार रुपयांच्या दरम्यान मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा देयकावरील कराचा आकडा पाहून घ्यावा. ठरवलेल्या रकमेतील पाचवा हिस्सा हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, घंटी, कुलूप, मडगार्ड आणि हातपंप यांसाठी बाजूला काढावा. पंचवीस हजारांची सायकल आणि हेल्मेट नाही, यापेक्षा वीस हजारांची सायकल आणि हेल्मेट हा शहाणपणाचा व्यवहार होय.

खोक्यातून घरी येणारी सायकल स्वस्त पडते. पण ती जोडण्याचे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. पुढचा चिमटा उलटा बसवलेल्या, ब्रेकची तार सैल राहिलेल्या सायकली रस्त्यावर दिसतात, त्या याच घाईतून. जुनी सायकल घेण्यासही हरकत नाही. चाक उचलून फिरवावे आणि ते डुगडुगते का पाहावे. सांध्यांवर तडा किंवा रंगाखाली फुगवटा नाही ना, याची खात्री करावी. चेन आणि चकत्यांचे दाते टोकदार झाले असतील, तर तो खर्च किमतीतून वजा करावा.

पहिला महिना

सायकल घेण्यापूर्वीच एक परीक्षा देता येते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सायकली भाड्याने मिळतात आणि प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता चढ म्हणजे काय, हे नीट समजावून देतो. सोमवारी उद्यान बंद असते. स्वतःची सायकल आल्यावर पहिले काही दिवस महामार्गाच्या वाटेला न जाता अंतर्गत रस्त्यांवर, सकाळच्या कमी वाहतुकीत सराव करावा. एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रो ७ मार्गिकेवर दिंडोशी आणि राष्ट्रीय उद्यान अशी दोन्ही स्थानके आहेत आणि या मार्गिकेच्या डब्यांत सायकल ठेवण्याची सोय सुरुवातीपासून करण्यात आली. निघण्यापूर्वी स्थानकावर त्या वेळचे नियम विचारून घ्यावेत, म्हणजे महामार्ग टाळून उद्यानापर्यंत जाता येईल.

आरेच्या रस्त्याबद्दल एक इशारा द्यायला हवा. हा परिसर बिबट्यांचाही आहे. २०२१ आणि २०२२ मध्ये येथे माणसांवर हल्ल्यांच्या घटना घडल्या होत्या. सायकलवर ओणवा झालेला एकटा माणूस झुंजूमुंजू प्रकाशात आडवाटेने जाणे शहाणपणाचे नाही. चांगले उजाडल्यावर, सोबतीने आणि मुख्य रस्त्यानेच जावे. तिन्हीसांजेच्या आत परतावे.

आणि चढ जमला नाही तर? खाली उतरावे आणि सायकल हाताने ढकलत वर न्यावी. यात कमीपणा मुळीच नाही. आज चढाच्या निम्म्यावर उतरलेला माणूस पुढच्या आठवड्यात विजेच्या दोन खांबांइतका पुढे जाऊन उतरतो, त्यापुढच्या आठवड्यात आणखी एक खांब. ज्या दिवशी तो न उतरता माथ्यावर पोहोचतो, त्या दिवशी टाळ्या वाजवायला कोणी नसते. वारा असतो, घामाने भिजलेली पाठ असते आणि समोर घराकडे जाणारा उतार असतो. दुकानातील सपाट फरशीवर उभे असताना हा क्षण डोळ्यांपुढे ठेवला, तर '२१ गिअर' या अक्षरांकडे फारसे लक्ष जाणार नाही. हात आपोआप मागच्या चकतीचे दाते मोजू लागेल.